बनियन काढल्याचा खुलासा

तीर्थरूप दादास,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी पथ्य पाळायला लावत असतील आणि तू ते चोरून मोडत असशील, असं गृहीत धरून पुढे लिहितो. इकडे सगळं ठीक आहे, फक्त रविवारी माझी अब्रू जाणार आहे. ती वाचवायला तू यायला हवंस.

झालं असं, की आमच्या वरच्या मजल्यावर एक चित्रकार बाई राहायला आल्या आहेत. पुरुषांची चित्रं काढतात. (घोड्यावरचे, तलवारवाले नव्हेत. नुसते बसलेले.) मर्दपणाच्या आत जे हळवं असतं ते त्यांना रंगवायचंय म्हणे. मी म्हटलं, बाई, चुकीचं दार वाजवलंत. मी लेथच्या कारखान्यात फोरमन आहे, माणसं मला पाठीमागे भोंगा म्हणतात. तर म्हणाल्या, मग तुम्हीच बसा. तुझी भावजय आतून म्हणाली, जा, नाहीतरी सुट्टीला बसूनच असता.

गेलो. मिशीला पीळ दिला आणि छाती काढून बसलो. अर्धा तास झाला तरी बाई ब्रश काही उचलेनात. शेवटी म्हणाल्या, "काका, जरा मोकळे व्हा." आता तूच सांग, बाईमाणसाला उलटे प्रश्न विचारत बसायचं का? मी शर्ट काढला, बनियन काढलं, घडी करून स्टुलावर ठेवलं. पट्ट्याला हात घातला तशा त्या ओरडल्या, अहो, मन मोकळं करा म्हणत होते मी! (मग तसं म्हणायचं. ‘मन’ हा काही फार लांब शब्द नाही.) मी शर्ट परत घालायला लागलो तर म्हणाल्या, राहू द्या, असेच छान दिसता. छप्पन्न वर्षांत हे वाक्य प्रथमच कानावर पडलं, म्हणून राहू दिलं.

पोट आत ओढून माणूस किती वेळ बसणार? दहा मिनिटांत सुटलं. तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं, तुम्हाला शेवटचं पोटाशी कुणी धरलं होतं? हा काय प्रश्न झाला! पण मला एकदम आठवलं, आई गेली त्या दिवशी जिन्यात तू. एकोणीस वर्षं झाली. त्यानंतर आपण भेटलो की तू पाठीत थाप मारतोस आणि गाडीचं ॲव्हरेज विचारतोस. तर दादा, डोळ्यांतून पाणी जे सुरू झालं ते थांबेचना. (खोलीत टर्पेंटाइनचा वास फार होता, हेही नमूद करतो.) बाईंनी भराभर सगळं कॅनव्हासवर उतरवून घेतलं.

ते चित्र रविवारी नाक्यावरच्या हॉलमध्ये लागतंय. पाच फूट उंच. पोट, मिशी, पाणी, सगळं आहे. कारखान्यात बातमी फुटली आहे. सोमवारी मी ओरडणार कुणावर? तू मोठा आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. येऊन बाईंना दम दे आणि चित्र भिंतीवरून उतरवायला लाव.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंना दम देऊ नकोस. नको असेल तर लावत नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. लावा, असं मीच म्हणालो.

आणखी ता. क. पुढच्या चित्रात त्यांना दोन पुरुष हवे आहेत, एकाने दुसऱ्याला जवळ घेतलेलं. परका माणूस मला चालणार नाही, म्हणून तुझं नाव दिलंय. दोन-तीन तास तसंच राहावं लागतं. माझी काही हरकत नाही.