पडदा झटक्यात उघडतो

बुधवार, १२ नोव्हेंबर. ब्रह्मपुरी, संध्याकाळ.

कॉम्प्युटर आता झटक्यात सुरू होतो. काम मीच केलं. पुतणी फोनवर सांगत होती, "काकू, सुरू होताना जे आपोआप चालू होते, ते बंद करा. नको त्या फाइली उडवा, कचरापेटीबी खाली करा." 'नवीन सात' नावाची एक फाइल होती. उघडून न बघता उडवली.

यांचा आवाज होता तो. झाडीपट्टीच्या नाटकाआधी माइकवर करायचे, तशीच घोषणा यांनी कॉम्प्युटरसाठी केली होती. "रसिक मायबाप, जागा धरून बसा, पडदा उघडतो आहे." सुरू केला की वाजायची. मी करवादायचे, बंद करा ते. हे म्हणायचे, "काऊन चिडून राह्यली वो? पडदा उघडाले वेळ लागतेच."

हे गेल्यापासून रोज तेवढं ऐकायलाच तर मी कॉम्प्युटर लावत होते. आवाज कुठल्याशा फाइलीत असेल, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? एवढी शिकलेली मी.

तीनदा बंद करून लावला. झटक्यात उघडला. गप्प.

पुतणीचा परत फोन आला. "काकू, झाला ना फास्ट?"

उडवलेलं परत मिळतं का, एवढंच विचारायचं होतं. नाही म्हणाली असती तर?

"झाला," म्हटलं.