ठिकाणावर असलेल्या डोक्याची साक्ष

सूनबाई, कंबर कशी आहे? नातीचा खोकला थांबला का? शेजारचे शिंपीकाका, गुडघे जरा सांभाळा. आणि बाळा, तू कुठे जेवतोस, झोप लागते का?

सर्वांची खुशाली विचारून मी, लाकूड कापणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात; मला ते कोर्टात सिद्ध करावं लागलं, तेही पोटच्या पोरासमोर.

माझा कारभार स्वतःकडे मागताना मुलगा शपथेवर म्हणाला, "बाबा भ्रमिष्ट झालेत. करवत सुरू करण्याआधी, वारलेल्या आईला हाक मारतात, 'करू का?' म्हणून. मग वाट बघत उभे राहतात." माझ्या पायाखालची जमीन सरकली. अजून पाय टेकलेले नाहीत.

हाक मारतो, हे खरंच. फळीचं दुसरं टोक धरणाऱ्याने 'करा' म्हटल्याशिवाय पातं फिरवायचं नाही, हा आमचा नेम. बाळा, जन्मभर ते टोक तुझ्या आईने धरलं.

तुझी साक्ष संपते तोच कोर्टात सूनबाई उठली. "साहेब, सासूबाई गेल्यापासून टोक मी धरते. 'करा' मीच म्हणते. हे दिवसा घरी असतात कुठे?" कोर्ट हसलं. मला हसू फुटेना. नवऱ्याविरुद्ध उभी होती पोर, पदर मुठीत आवळून.

बाळा, तू दारातून हाक ऐकलीस आणि उत्तर येण्याआधी वळलास. फळ्यांच्या थप्पीमागे डोकावला नाहीस. अर्धं पाहून पुरी साक्ष दिलीस. कोर्टाने अर्ज फेटाळला, आणि तू घर सोडलंस.

करवत, तिची खोली, सगळी हत्यारं सूनबाईला. पातं कुणाला उसनं देऊ नये, लोक दात मोडून आणतात.

शिल्लक नातीच्या शिक्षणाला.

राहतं घर मुलाला आणि सूनबाईला, सारखं. रागाने मुलाचं नाव खोडलं होतं, पुन्हा लिहिलं. काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही.

मुलाच्या वकिलाला काही नाही, नमस्कारसुद्धा नाही.

खाली सूनबाईची सही घेणार होतो. माझे वकील म्हणाले, "ज्याला लाभ, त्याची साक्ष नको." मी म्हटलं, "मग मुलाची कशी चालली हो?" ते चष्मा पुसत बसले.

बाळा, मी मरायची वाट नको, म्हणून ही प्रत आधीच पाठवतोय. मला खरंच वेड लागलं असं तुला वाटलं होतं, की घर हवं होतं? वेड वाटलं असेल, तर तू किती घाबरला असशील! घर हवं असेल, तर मागायचंस की रे. इथे शपथ नाही, उलटतपासणी नाही. लवकर उत्तर लिही.

सही: लाकूड कापणारा
साक्षीदार: शेजारचे शिंपी, गल्लीतल्या डॉक्टरीणबाई (दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, चहा पाजला आहे.)
स्थळ: करवतीची खोली
दिनांक: निकालानंतरचा पहिला रविवार