धुक्यात गाडी बाजूला घेणारा

बा, यंदा पौषात थंडी फार पडली. सारवलेल्या अंगणात पाय ठेवला की तळव्याला मुंग्या येतात, आणि उन्हं यायची वेळ झाली तरी समोरचा आंबा दिसत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, काय काम आहे त्या आंब्याकडे, तो कुठं पळतोय. मी चौथी शिकले, त्यातलं अर्धं विसरले, तरी लिहायला बसले आहे, कारण घरातल्यांशी मी जन्मभर टोचूनच बोलले. आता नीट बोलायला गेले तर त्यांना वाटेल म्हातारी आजारी पडली. तुझ्याबद्दल मी खोटं बोलत आले, बा. लग्न झाल्यापासून. आणि त्या खोट्यापायी तुझी पणती गाडीसकट शेतात गेली.

आधी तुझं सांगते. दिवाळी झाली की मुरबाडच्या वखारीत गवताच्या गाठी बांधायला लागायचे आणि तू त्या मुंबईच्या तबेल्यांना पोचवायचास. ट्रक शेटचा, थंडी आपली. तू तो घरापुढच्या उतारावर तोंड खाली करून लावायचास, चाकाखाली हा एवढा धोंडा, कारण गारठलेलं इंजिन सकाळी दाद देत नसे. आई पहाटे हंडाभर पाणी तापवते, अंघोळीला नाही, ट्रकला. तू ते गाडीच्या तोंडात ओततोस, वर चढतोस, काका धोंडा काढतो, आणि ट्रक गडगडत खाली जाऊन म्हाताऱ्यासारखा खोकत चालू होतो. आम्ही पोरं थंड पाण्याने तोंड धुवून कुडकुडत बघायचो. इथवर मला तुझा अभिमानच होता.

पण नदीच्या पुलाशी धुकं असलं की तू गाडी बाजूला घ्यायचास. नुसती कडेला नाही, रस्ता सोडून पार खाली झाडात. गाडीत गवत, म्हणून तिच्यापासून लांब जाऊन तीन दगड मांडायचास, चहा करायचास आणि धुकं उठेपर्यंत उकिडवा बसून राहायचास. वखारीतले बाकीचे डायवर हॉर्न वाजवत पुढे जायचे. शेट तुला चारचौघांत बोलायचा, तू ऐकून घ्यायचास. शाळेत पोरं मला विचारायची, तुझा बा धुक्यात चूल मांडतो, लुगडं पण नेसतो काय. एकदा म्हसा गावच्या जत्रेला अख्खा गाव तुझ्या रिकाम्या ट्रकात बसला होता, तेव्हाही तू थांबलास. लोक शिव्या देत उतरले आणि पायी निघाले. मी रडत तुझ्यापाशी आले, म्हटलं, सगळे जातात, तूच का थांबतोस. तू चहा फुंकत होतास. म्हणालास, "भ्या वाटतं म्हणून थांबतो गो. मला तो दिसत नाय, त्याला मी दिसत नाय. मग जायाचं कुणाच्या जिवावर?" दुसऱ्या कुठल्या बापाने पोरीला काहीतरी कारण सांगितलं असतं, इंजिन तापलं, चाक बसलं. तू सरळ भ्या वाटतं म्हणालास. त्याच जत्रेत तू मला काळी घोंगडी घेतलीस. मी ती पांघरली, पण तुझ्याशी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाही.

मग लग्न होऊन मी शहापूरकडे आले. इथे दोन दीर डायवर, शेकोटीला बसले की एकेकाची फुशारकी चालायची. एकदा धाकटा म्हणाला, वहिनी, तिकडं गवताच्या गाडीवर एक डायवर होता म्हणे, धुक्यात चहा करीत बसायचा, तुमी वळखता काय. सगळे हसले. मी नवी सून, हातात भाकरीची परात. मी म्हटलं, "नाय बा, असंल कोण तरी भित्रा. माझा बा तर डोळं मिटून पूल उतरायचा." तू तेव्हा जिवंत होतास. पुढच्याच आठवड्यात मला बघायला आलास, तांदळाच्या पिठाचे लाडू घेऊन, आणि मी तुला पडवीत फार वेळ बसू दिलं नाही. तू बोलता बोलता खरं सांगून टाकशील, तुला कुठं लाज होती, म्हणून. तुला वाटलं लेकीला सासरी काम फार असतं. पाणी पिऊन उठलास.

एकदा तोंडातून गेलं ते गेलं. मग मी त्याला मीठमसाला लावत गेले. तू डोकं खिडकीबाहेर काढून रस्त्याचा वास घेत गाडी चालवायचास. तुझ्या मागे बाकीच्यांची रांग लागायची. पोरांना सांगितलं, मग त्यांच्या पोरांना. तुझ्या पणतीला तर घास भरवताना सांगितलं. तिने तेवढंच धरून ठेवलं. कॉलेज अर्धं सोडलं, गाडी शिकली, बापाच्या मागे लागून जुनी इको गाडी घेतली आणि आता वाडीवरच्या बायांना वाशिंदच्या कारखान्यात पहिल्या पाळीला नेते. गावातले बाप्ये आधी हसले, मग त्यांच्याच बायका तिच्या गाडीत बसायला लागल्या. ती कोणी विचारलं की सांगायची, माझे पणजोबा मुरबाडचे नामी डायवर होते. मी ऐकायची आणि मान हलवायची.

त्या सकाळी धुकं असं की अंगणातून गाडी दिसेना, नुसती ऐकू यायची. गॅसवर चालू होत नव्हती म्हणून तिने पेट्रोलवर घुरघुरत ठेवलेली. काचेवर बाहेरून दव, आतून बायांच्या तोंडाची वाफ. ती पुसते, काच पुन्हा वाफ धरते. खिडक्या उघडा म्हणाली तर बाया ओरडल्या, पोरी, गारठून मारतेस का. शेवटी ती खाली उतरली, शेकोटीपाशी आली, हात शेकत म्हणाली, "आजी, जरा थांबते. पुढचं काय दिसत नाय." एवढंच म्हणाली. आणि बा, मी काय म्हटलं ते लिहायला हात वळत नाही, पण लिहिते. म्हटलं, "तुझा पणजा अशात डोळं मिटून जायाचा. तुला भ्या वाटत असंल तर चावी ठेव, चुलीपुढं बस, भाकरी थाप." गाडीतल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, ओढणी घट्ट केली आणि गेली.

गावाबाहेरच्या वळणावर म्हशाच्या बाजाराला पायी चाललेले बैल होते. तिला आधी नुसती शिंगं दिसली. तिने चाक फिरवलं, गाडी बांधावरून कापलेल्या भाताच्या शेतात गेली आणि एका अंगावर कलंडली. बैलवाल्यांनी तेच बैल जुंपून ती वर काढली. पोरीचं कपाळ फुटलं. एका बाईचं मनगट मोडलं, उजवं. मी तिच्या घरी गेले, डझनभर केळी घेऊन, तोंड घेऊन जायची तर सोय नव्हती. ती प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून बसलेली. म्हणाली, "पोरीला बोलू नका. ती थांबत होती. तिला कुणी हाकलली ते आमी गाडीतून ऐकलं." चहा विचारला, मी नको म्हटलं. जिने तीन सुनांना जिभेवर नाचवलं ती मी केळी तिच्या पायाशी ठेवून खाली मानेने घरी आले.

पोरीने चावी देवळीत ठेवून दिली. कपाळाचे टाके निघाले तरी गाडीकडे गेली नाही. तिच्या बापाने गिऱ्हाईक बघितलं, ते रविवारी येणार होतं. मला वाटलं विकली तर सुटले, कोणाला काही सांगायला नको. इतकी मी नीच, बा. पण शनिवारी ती माझे पाय चेपत होती आणि म्हणाली, आजी, माझ्यात पणजोबांचं कायच आलं नाय गो, मला भ्या वाटतं. माझेच पाय चेपत म्हणाली.

मी पाय ओढून घेतले आणि सांगितलं. झाडाखालची गाडी, तीन दगड, शेट, लुगड्याचं बोलणं, पडवीत तुला उठवलं ते, सगळं. मला वाटलं रडेल, नाहीतर हसेल, म्हणेल म्हणजे मी त्यांच्यावरच गेले. तसं काही झालं नाही. तिने विचारलं, "लोक हसायचे तरी पणजोबा थांबायचे?" मी म्हटलं, थांबायचा. मग ती म्हणाली, "आजी, तू मला लहानपणापासून दुसऱ्याच माणसाची गोष्ट सांगितलीस." आणि उठून आत गेली. गिऱ्हाईक आलं तेव्हा तीच बाहेर आली, म्हणाली, गाडी विकायची नाय. माझ्याशी मात्र अजून कामापुरतंच बोलते. जेव, गोळी घे, बाजूला हो. तिचं बरोबर आहे.

काल गुडघ्याच्या औषधाला शहापूरला जायचं म्हणून मी तिच्या शेजारी पुढे बसले होते. बाया मागे. मोडक्या हाताचीही होती. ओढ्यापाशी धुकं आलं आणि तिने गाडी रस्ता सोडून खाली घेतली, इंजिन बंद केलं, खिडकी उघडली. कोणाला विचारलं नाही. मागून कुरकुर सुरू झाली, पाळी चुकेल, साहेब बोलेल. ती म्हणाली, "दिसलं की निघू." बास. मग नुसती थंडी. कोणी विडीसारखी तोंडाने वाफ काढून हसत होतं, कोणी शाल ओढत होतं.

तुला हे पोचायचं नाही. मसणात पोस्टमन जात नाही, आणि वाचायला तरी तू कुठं शिकला होतास. तरी एवढं लिहिते. बराच वेळ झाला, धुकं हलेना, माझे गुडघे लाकडासारखे झाले, तेव्हा माझ्या जिभेवर आलंच होतं, चल गो आता, किती भितेस. आलंच होतं, बा. तोंडावर पदर दाबून गिळलं. तिला वाटलं मला थंडी वाजते, तिने खिडकी अर्धी वर केली.