व्हिनेगरात बुडवलेला निर्वाळा

फिलाडेल्फिया, ९ सप्टेंबर १७९३

प्राणप्रिय गृहसम्राज्ञी तबिथा हिच्या चरणी तिच्या आज्ञाधारक मुद्रकाचा दंडवत.

माझी प्रकृती उत्तम. गळ्यातील लसणाच्या माळेने ज्वर पळतो की नाही, हे अनिर्णित आहे. मित्रमंडळी मात्र पळाली. पोरींचा खोकला गेला का? तुझ्या भावाची गाय व्याली का?

पीतज्वर ओसरला असून नागरिकांनी निःशंक परतावे, असा निर्वाळा देणारी डॉक्टर पेनफील्ड यांची पुस्तिका आमच्याच छापखान्यात निघते आहे. ती वाचून तू सामान बांधशील, म्हणून ही तातडी.

हस्तलिखित द्यायला डॉक्टरमहाशय आज स्वतः अवतरले. परंतु उंबरठा ओलांडेनात. काठीच्या टोकाला अडकवलेले कागद त्यांनी खिडकीतून सरकवले. ज्वराची लागण टाळायला लावलेल्या व्हिनेगराने ते इतके निथळत होते की छपाईचे खिळे जुळवण्यापूर्वी मला ते दोरीवर वाळवावे लागले.

मी म्हणालो, "ज्वर गेला ना डॉक्टरसाहेब? मग आत या की, चहा घ्या!"

"लांबूनच बोल रे बाबा!" नाकावरचा रुमाल न काढता ते म्हणाले. "आणि लवकर छाप. मला गावाला निघायचंय."

"आणि घरची मंडळी?"

"ती गेली मागच्याच आठवड्यात."

पुस्तिकेवर माझे नाव मुद्रक म्हणून झळकेल. तरी तिच्या एकाही अक्षरावर विश्वास ठेवू नकोस. मी स्वतः न्यायला आलो, तरच ये. माझ्या नावाने परक्या हस्ताक्षरात बोलावणे आले, तर पोरींना घेऊन तिथेच राहा.

तुझाच,
ओबादाया