‘घरची’ या शब्दाची नोटीस

माय, धाकटीनं मला वकिलाची नोटीस पाठवली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुला सांगावी अशी पहिली बातमी निघाली ती ही. पोस्टमन आला तेव्हा मी कांडपाच्या यंत्रात हळकुंडं टाकत होते. पिवळ्या हातानंच सही केली. आत लिहिलं होतं, की हळदीच्या पाकिटावर ‘घरची’ हा शब्द छापणं मी पंधरा दिवसांत बंद करावं, कारण तो त्यांचा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे. खाली मालकिणीचं नाव होतं. सासरचं आडनाव, म्हणून दोनदा वाचलं. मग तिथंच पाटावर बसून राहिले.

मला आखाडा बाळापूरचा बाजार आठवला. मी दहा-अकरा वर्षांची. तू पोतं अंथरून बसली आहेस, समोर हळदीच्या पिशव्या, त्यांवर तुझ्या हातानं लिहिलेलं ‘घरची’. त्यातला ‘र’ दर वेळी तिरका. शेजारी डोंगरकडा गावची एक मावशी बसते आणि तीही ओरडते, “घरची हळद घ्या, घरची!” मी तिच्या अंगावर धावून जाते, “ते आमचं नाव हाय!” तू मनगट धरून मला खाली बसवतेस. “काहून भांडून राहिलीस? तिला काय घर न्हाई का?” मावशी हसते, मला मात्र रडू येतं. धाकटी तुझ्या मांडीला टेकून बोरं खात होती. तिनंही हे ऐकलंच असेल ना?

दोन वर्षांमागच्या संक्रांतीला ती नांदेडहून आली होती. उतरंडीच्या मागं तुझी एक रिकामी पिशवी सापडली, तर छातीशी धरून रडली. म्हणाली, “अक्का, मायचं अक्षर.” तिला हळदीचा धंदा काढायचाय हे मला माहीत होतं, मला आनंदच होता. ‘घेऊन जा,’ म्हणून मी ती पिशवी तिला देऊन टाकली. माझ्याकडं तुझ्या अक्षराचं दुसरं काहीच नव्हतं. नोटिशीला तिच्या पाकिटाचं चित्र जोडलेलं होतं. पिवळा गोल, कडेनं वेल आणि मधोमध तुझा तिरका र.

मी फोन केला. “अक्का, धंद्यात असं करावं लागतंय. तू मनाला लावून घेऊ नको,” ती म्हणाली. “मग तूच सांगायचं होतंस. वकील काहून मधी घातलास?” मागून कुणीतरी तिला बोलावलं आणि तिनं फोन ठेवला. नोटिशीपेक्षा ते ठेवणं मला जास्त लागलं.

हिंगोलीच्या वकिलांनी कागद नीट पाहिले. म्हणाले, “नोंद झालीय ती या चित्राची. शब्दावर वेगळा हक्क नाही, असं नोंदीतच लिहिलंय. माल कसा आहे ते सांगणारा साधा शब्द सहसा कुणा एकाला मिळत नाही. हळदीला कुणी ‘हळद’ हेच नाव नोंदवलं, तर बाकीच्यांनी काय म्हणून विकायची? हळदीला ‘होडी’ म्हणा, मग गोष्ट वेगळी, ते नाव मिळू शकतं. नाहीतर एखादा शब्द एकट्यानंच इतकी वर्षं वापरलेला असावा, की तो ऐकल्यावर लोकांना त्याचाच माल आठवावा.” मी म्हणाले, “मग माझ्या मायचा आठवायचाच की लोकांना!” त्यांनी मान हलवली. “तिकडं जाऊ नका. आईचा एकटीचा म्हणालात, तर बहीणही त्याच आईची लेक आहे. सगळ्याच बाया म्हणायच्या, एवढं दाखवा.”

म्हणून मी डोंगरकड्याला मावशीकडं गेले. आता तिला दिसत नाही. हात चाचपून म्हणाली, “व्हय, मी बी घरचीच म्हनायची. तुज्या मायनं कदी तकलीफ मानली न्हाई.” तसं लिहिलेल्या कागदावर तिनं अंगठा दिला. माझ्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, ‘सदर शब्द आमच्या भागात सर्रास वापरात असून त्यावर माझ्या आईचा कोणताही खास हक्क नव्हता.’ माय, त्याखाली मी सही केली. तुझा शब्द माझ्याकडं राहावा म्हणून तो तुझा नव्हता असं मला लिहून द्यावं लागलं, आणि ते धाकटीनं माझ्याकडून करून घेतलं.

उत्तर गेल्यावर तिच्या वकिलानं शब्दावरचा दावा मागं घेतला. चित्र तिचं राहिलं, तुझ्या अक्षरासकट. मी साध्या छापील अक्षरांत ‘घरची’ लिहिते आणि माझी हळद जाते. राखीपौर्णिमेला भावाकडं दोघी गेलो, तर ती सकाळी येऊन गेली आणि मी दुपारी पोचले.

हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहिते. हिंगोलीच्या वकिलांसमोर पहिल्यांदा बसले तेव्हा नोटीस पिशवीतून काढायच्या आधी मी त्यांना विचारलं होतं, “साहेब, तो शब्द माझ्या एकटीच्या नावावर करता येतो का?”