रसिकाच्या करदोट्यातला मणी

६ जानेवारी, शनिवार
चूकच केली. कोरियाहून आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आलेला मणी घरी आणला! पंधराशे वर्षांपूर्वीच्या थडग्यातला — वर टेकडीएवढा मातीचा ढीग, खाली कोणी सरदार. लाल अकीक. आपल्या खंभातचा आहे का, ते भोक कसं पाडलंय त्यावरून ठरवायचंय. डबी मिळेना, म्हणून देवघरातल्या रिकाम्या करंड्यात ठेवला.

८ जानेवारी, सोमवार
करंडा रिकामा! सासूबाईंनी मणी रसिकाच्या करदोट्यात ओवलाय. "देवाजवळ होता. मला वाटलं, पोरीसाठीच आणलास. सारखी आजारी पडते." काढायला गेले तर चार वर्षांची पोर काय किंचाळली! राहू दे दोन दिवस.

१० जानेवारी
सासऱ्यांचा श्वास जड झालाय. सुभानपुऱ्याचे डॉक्टर हळूच म्हणाले, "बेन, हवे बे-चार दिवस." म्हणजे आता दोन-चारच दिवस. सासूबाई त्यांच्या उशाशी जाऊन बसल्या.

दुपारी रसिका कुठे दिसेना. सापडली सासऱ्यांच्या पलंगावर, पायथ्याशी आडवी — ताठ, हात अंगालगत, डोळे उघडे. "आजोबा एकटे कसे जातील?" म्हणाली. हे हिला कोणी शिकवलं?

११ जानेवारी
पुन्हा तिथेच.

१२ जानेवारी, शुक्रवार
खोदकामाचा अहवाल आला. सरदाराच्या पायाशी एक लहान मुलगी पुरलेली होती. मोठा माणूस गेला की सोबतीला माणसं मारून पुरायचे तिथे. मणी तिच्या कमरेशी सापडला. हात अंगालगत.

एवढी शिकलेली मी, पण काम टाकून तशीच उठले! रिक्षा करून घरी आले, करदोटा कात्रीने कापला. रसिका हूं की चूं नाही. मग सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सोबत कोणीतरी लागतंच?" मी म्हटलं, अहो आई, जुन्या समजुती त्या! "बरं. मणी माझ्याकडे दे, सोमवारी ने." दिला.

१३ जानेवारी
रसिका दिवसभर खेळली. दोनदा वरण-भात मागितला. सुटले बाई!

१४ जानेवारी, उत्तरायण
रसिका गच्चीवर पतंगाची फिरकी धरून नाचत होती. चार वाजता चहा घेऊन खाली आले. सासरे गेले होते. पायथ्याशी सासूबाई — ताठ आडव्या, हात अंगालगत, कमरेला मणी. किती हाका मारल्या, उठल्याच नाहीत!

सांगायला नको होतं मी त्यांना.