शंभर जूल

११ फेब्रुवारी

“मी नाही हं ढकलणार, तुझी तूच जाशील.” आईचं वाक्य. मी सहा वर्षांची, घसरगुंडीच्या टोकावर कठडा घट्ट धरून बसलेली. आणि मग पाठीवर तिचा तळवा. ढकललंच की!

तिला जाऊन आज तीन आठवडे. दादाचा फोन, पुन्हा तेच — “ब्रेक लावला होतास ना गं नक्की?” मी तिची चाकांची खुर्ची दाराबाहेर, उताराच्या वरच्या टोकाला उन्हात ठेवली आणि शाल आणायला आत गेले. तेवढ्यात फाटकावर आपटल्याचा आवाज.

लावला होता. लावला असणार.

१३ फेब्रुवारी

नववीच्या पोरांना आयुष्यभर शिकवलं, आता स्वतःसाठी मांडलं. आई चोपन्न किलो, खुर्ची सोळा. उताराची उंची अर्धा मीटर. गुरुत्वाकर्षणाने केलेलं कार्य — तीनशे त्रेचाळीस जूल. उतार किती लांब, याला इथे काही किंमत नाही. फक्त उंची.

पुस्तकात ‘घर्षण नगण्य माना’ असतं. आमच्या अंगणात ते मानून चालत नाही.

१५ फेब्रुवारी

खुर्चीत चोपन्न किलो वाळू भरलेलं पोतं बसवलं. ब्रेक काढला, हात काढला. खुर्ची खाली गेली, अंगणातून घरंगळत नळापाशी थांबली. वरपासून दहा मीटर. पाच वेळा केलं, पाचही वेळा नळच.

शेजारच्या काकू कुंपणावरून — “काय गं, वाळूला फिरवून आणतेस होय?” हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

१६ फेब्रुवारी

आज रिकामी सोडली. तीही नळापाशीच! बरोबरच आहे, वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी कटतं. आत कोणी असो नसो, खुर्चीला आपली थांबायची जागा ठाऊक आहे.

पण फाटक नळाच्या पुढे तीन मीटर.

१७ फेब्रुवारी

मीटरमागे चौतीस जूल घर्षण खातं. म्हणजे फाटकापर्यंत पोचायलाच शंभर जूल कमी पडतात. फाटकाच्या पत्र्याला पोचा आलाय, त्याचा जोर वेगळाच. ब्रेक विसरला असता तर आई नळापाशी थांबली असती. पाय नळाखाली घेऊन मला हाका मारत बसली असती.

शंभर जूल म्हणजे किती? पाण्याची भरलेली बादली मीटरभर उचलायची, एवढंच.

त्या दिवशी घरात मी आणि अप्पाच. ते झोपले होते, असं म्हणाले. आमच्याकडे रोज सकाळी बादली अप्पाच उचलतात.

१९ फेब्रुवारी

पुन्हा पोतं. खिडकीत अप्पा. खुर्ची नळापाशी थांबली तसे आतूनच म्हणाले, “एवढी हळू नव्हती.”

मी वळून पाहिलं नाही.

२० फेब्रुवारी

आज खुर्ची मी बाहेर काढलीच नाही. शाळेतून आले, तर उताराच्या टोकाला उभी. ब्रेक लावलेला. पोतं नीट बसवलेलं, वर आईची शाल.

२२ फेब्रुवारी

जेवताना अप्पा आपण होऊन बोलले. ताटाकडे बघत.

“दोन वर्षं रोज म्हणायची, एकदा सोडा हो मला. मी रोज नाही म्हणायचो. त्या दिवशी जमलं नाही.”

मी म्हटलं, “आणि दादा मला रोज विचारतोय ते? ऐकत होतात ना तुम्ही?”

“ऐकत होतो.” त्यांनी ताट बाजूला सारलं. “ती म्हणाली होती, पोरीला सांगा, माझी मीच गेले.”

माझ्या पाठीवर कुणीतरी तळवा ठेवला. मागे भिंत होती.

खुर्ची कुणाला तरी देऊन टाकूया म्हटलं. अप्पांनी हात धुतले, पुसले.

“राहू दे. मलाही लागेल. आणि तुला तर आता बरोब्बर ठाऊक आहे, किती जोर लागतो ते.”

२३ फेब्रुवारी

सकाळी चहा देताना एवढंच मागणार आहे — अप्पा, ढकलायला मला नका सांगू. ते ऐकायचे नाहीत.